व्यापारी शेत पेरतो तेव्हा

महाराष्ट्रातल्या बाजार समित्या 1963च्या ज्या कायद्यावर चालतात, त्यात शेतकरी कोण हे सांगताना एक अट घातलेली आहे. शेतमाल पिकवतो तो शेतकरी, मग तो स्वतः राबो वा मजूर लावो. मात्र शेतमालाचा व्यापारी किंवा दलाल या व्याख्येत बसत नाही, तो स्वतः शेती करत असला तरीही. जळगावच्या आवारात गाळा असलेल्या एखाद्या अडत्याचा चोपड्याकडे दहा एकर मका उभा असेल, सातबाऱ्यावर त्याचे नाव असेल, पण या कायद्याच्या लेखी तो शेतकरी नव्हे. हे विचारपूर्वक केलेले आहे. समितीच्या 18 संचालकांपैकी 11 सोसायट्यांच्या आणि 4 ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून येतात, 2 व्यापारी-अडत्यांचे आणि 1 हमाल-मापाड्यांचा. अडत्याला दोन्ही दारांनी आत येता आले असते तर त्या 15 जागांना अर्थ राहिला नसता.

कायद्याने हा गुंता एका वाक्यात सोडवला. समितीसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला ती सोय नाही. त्याच अडत्याचा मका आवारात उतरला की आवक नोंदवावी लागते, वजन होते, हिशोबपट्टी निघते. तिथे तो विकणारा असतो. तासाभराने दुसऱ्याच्या ढिगावर तो बोली लावतो. तिथे तो खरेदीदार असतो आणि बाजार फी त्याच्याकडून वसूल करायची असते. जावा शिकलेला विद्यार्थी ‘व्यक्ती’ नावाचा क्लास लिहितो, त्यातून ‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ असे दोन क्लास काढतो, आणि दोन्ही असलेल्या माणसासाठी तिसरा क्लास काढायला जातो. तिथे कंपायलर त्याला अडवतो. जावात एका क्लासला पालक क्लास एकच.

हा प्रश्न खानदेशातल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. ‘जावात मल्टिपल इनहेरिटन्स का नाही?’ असे ओरलला हमखास विचारतात, आणि उत्तरही ठरलेले असते: डायमंड प्रॉब्लेम होतो म्हणून नाही, पण इंटरफेस वापरून ते साधता येते. बांभोरीपासून देवपूर-शिरपूरपर्यंत, आणि खरे तर देशभर, हेच उत्तर जर्नलात उतरते. त्याच्या पहिल्या निम्म्याबद्दल फारसा वाद नाही. दुसरे निम्मे मात्र विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावते, असे आमचे मत आहे.

आधी पहिले निम्मे पाहू. वारसा देणारे क्लास प्रथम आले ते नॉर्वेत. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांच्या 1967च्या सिम्युला भाषेत पालक एकच होता, पुढे स्मॉलटॉक-80मध्येही एकच. ब्यार्न स्ट्रूस्ट्रप यांनी 1989 साली सी प्लस प्लसच्या 2.0 आवृत्तीत अनेक पालकांची मुभा दिली. तिथे आपला अडत्या सहज लिहिता येतो: शेतकरी आणि व्यापारी, दोघांचाही वारस. पण त्या दोघांचा पालक ‘व्यक्ती’ असल्यामुळे अडत्याच्या ऑब्जेक्टमध्ये ‘व्यक्ती’च्या दोन प्रती येतात. दोन नावे, दोन पत्ते. पत्ता बदलला की शेतकऱ्याच्या बाजूने बदलतो आणि व्यापाऱ्याच्या बाजूने जुनाच राहतो. चित्रात ही रचना पतंगासारखी दिसते, म्हणून तिला डायमंड म्हणतात.

यावर सी प्लस प्लसमध्ये तोड आहे. पालक ‘व्हर्च्युअल’ जाहीर केला की प्रत एकच राहते. पण हे जाहीर करायचे कुठे? तिसऱ्या क्लासात नव्हे, मधल्या दोन क्लासांत. म्हणजे ज्याने ‘शेतकरी’ लिहिला त्याला तेव्हाच कळायला हवे होते की उद्या कुणीतरी याला व्यापाऱ्याशी जोडणार आहे. पाठ्यपुस्तकात तिन्ही क्लास एकाच पानावर असतात, त्यामुळे ही अडचण जाणवत नाही. प्रत्यक्षात ते तीन जणांनी तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले असतात.

म्हणून एकच वारसा ठेवणे हा भाषा घडवणाऱ्यांचा निर्णय आहे; त्यात त्यांची असमर्थता नाही. पायथनने उलटा निर्णय घेतला. तिथे अनेक पालक चालतात, आणि 2003च्या 2.3 आवृत्तीपासून त्या सगळ्यांना एका ओळीत लावण्याचा ठरलेला नियम आहे. मेथड शोधायची तर त्या ओळीत जो आधी भेटेल त्याची. डायमंड तिथेही असतोच, फक्त कुणाचे आधी ऐकायचे हे भाषेने ठरवून दिलेले असते. जावाच्या कर्त्यांना 1995 साली हा व्याप नको होता. त्यांनी ऑब्जेक्टिव्ह-सीमधल्या प्रोटोकॉलची कल्पना उचलली, तिला इंटरफेस नाव दिले आणि एका क्लासला असे कितीही इंटरफेस लावायची परवानगी दिली.

आता दुसरे निम्मे. इंटरफेस मूळ रूपात फक्त कबुली घेतो: या क्लासमध्ये अमुक मेथड असतील. त्या कशा चालतील, माहिती कुठे साठवतील, याबद्दल तो मौन पाळतो. म्हणजे ‘माल विकू शकणारा’ आणि ‘बोली लावू शकणारा’ असे दोन इंटरफेस अडत्याच्या क्लासला लावले की बाहेरच्या कोडला तो दोन्ही ठिकाणी चालतो. पण हिशोबपट्टी काढण्याच्या ओळी त्याला कुठूनही मिळालेल्या नसतात. त्या पुन्हा लिहायच्या, किंवा शेतकऱ्याच्या क्लासमधून उचलून चिकटवायच्या. वारशातून दोन गोष्टी एकदम मिळतात, बाहेर सांगायची ओळख आणि आत वापरायचे तयार काम. इंटरफेस त्यातली पहिली देतो. ‘इंटरफेसने मल्टिपल इनहेरिटन्स मिळते’ हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी दुसरी शोधत बसतो, ती सापडत नाही, आणि शेवटी कॉपी-पेस्ट करतो.

2014च्या जावा 8ने यात भर घातली. इंटरफेसमध्ये डीफॉल्ट मेथड आल्या, म्हणजे काम करणाऱ्या ओळीही आता तिथे राहू शकतात. हे आले वेगळ्याच गरजेतून: जगभर वापरात असलेल्या जुन्या कलेक्शन इंटरफेसांत नव्या मेथड घालायच्या होत्या, आणि त्यांवर बेतलेले लाखो क्लास मोडायचे नव्हते. दोन इंटरफेसांतून एकाच नावाची डीफॉल्ट मेथड आली तर कंपायलर स्वतः निवड करत नाही. कोणाची घ्यायची ते क्लास लिहिणाऱ्यानेच लिहून द्यायचे. डायमंडवर हा सरळ उपाय आहे. मात्र बदलती माहिती इंटरफेसमध्ये आजही ठेवता येत नाही, तिथे फक्त न बदलणारे स्थिरांक राहतात. परवान्याचा क्रमांक, येणे-देणे, आवकेची नोंद यांना तिथे जागा नाही. आणि बाजार समितीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतीचे सामान तेच असते.

मग विद्यार्थी काय करतात? एक वाट कॉपी-पेस्टची झाली. दुसरी अशी की ‘शेतकरी’मधल्या आणि ‘व्यापारी’मधल्या सगळ्या गोष्टी वर ‘व्यक्ती’मध्येच ढकलायच्या, मग समितीच्या शिपायालाही बोली लावता येते. तिसरी वाट सर्वांत फसवी आहे: ‘व्यापारी’लाच ‘शेतकरी’चा वारस करायचे, कारण काही व्यापारी शेती करतात आणि तयार मेथड फुकट मिळतात. या चुकीला फार मोठ्या घरची उदाहरणे आहेत. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून ‘स्टॅक’ हा ‘व्हेक्टर’चा वारस आहे. स्टॅकमध्ये वरूनच ठेवायचे आणि वरूनच काढायचे. पण व्हेक्टरकडून आलेल्या मेथड वापरून कुणीही मधल्या जागी काहीही खुपसू शकतो. ‘प्रॉपर्टीज’ हा ‘हॅशटेबल’चा वारस आहे, आणि त्याच्या कागदपत्रांतच बजावलेले आहे की वारशाने आलेल्या अमुक मेथड वापरू नका, त्यातून अक्षरमालिका सोडून भलते काही आत जाऊ शकते. जे वापरू नका असे सांगावे लागते, ते वारशाने घ्यायलाच नको होते.

गंमत म्हणजे याहून चांगल्या वाटा त्याच जर्नलात, त्याच विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असतात. अ‍ॅपलेटमध्ये हलणारी अक्षरे दाखवायचा प्रोग्रॅम एकेकाळी सगळ्यांनी लिहिला आहे. क्लास ‘अ‍ॅपलेट’चा वारस झालेला असतो, त्यामुळे त्याला ‘थ्रेड’चा वारस होता येत नाही. म्हणून तो ‘रनेबल’ हा इंटरफेस लावतो, एक थ्रेड तयार करतो आणि स्वतःला त्याच्या हवाली करतो. (अ‍ॅपलेट ब्राउझरांतून कधीच गेले, काही जर्नलांतून जायला जरा वेळ लागला.) इथे क्लास थ्रेड बनला नाही, त्याने थ्रेड जवळ बाळगला. एवढाच फरक, आणि अनेक पालकांची गरज बहुतेक वेळा इथेच संपते.

दुसरे उदाहरण खिडकी बंद करण्याचे. ‘विंडोलिसनर’ या इंटरफेसमध्ये सात मेथड आहेत आणि आपल्याला हवी असते एकच, खिडकी बंद होतानाची. उरलेल्या सहा रिकाम्या लिहायचा कंटाळा नको म्हणून ‘विंडोअ‍ॅडाप्टर’ हा तयार क्लास दिलेला आहे. त्याचा वारस व्हायचे आणि हवी तेवढी एक मेथड लिहायची. पण आपली खिडकी आधीच ‘फ्रेम’ची वारस आहे. 1997च्या जावा 1.1मध्ये यासाठी आतला क्लास आला. बाहेरचा क्लास फ्रेमचा वारस, त्याच्या पोटातला क्लास अ‍ॅडाप्टरचा वारस, आणि पोटातल्याला बाहेरच्याची खासगी माहितीही दिसते. एकाच गोष्टीला दोन पालक मिळाल्याचा जवळजवळ पूर्ण परिणाम इथे आहे, तोही पालकांमध्ये भांडण न होता. शिकवताना याला ‘इव्हेंट हँडलिंग’च्या प्रकरणात टाकतात आणि इनहेरिटन्सच्या प्रकरणात त्याचा उल्लेखही येत नाही. दोन प्रकरणांच्या मध्ये हा धागा तुटतो, आणि तो जोडून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

तयार काम वारशाने घेण्याऐवजी दुसऱ्या ऑब्जेक्टला जवळ ठेवून त्याच्याकडून करून घेणे, याला डेलिगेशन म्हणतात. जोशुआ ब्लॉक यांच्या 2001च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकातले उदाहरण त्यासाठी अजूनही सर्वांत चांगले आहे. ‘हॅशसेट’चा वारस असा क्लास लिहायचा, जो आजवर किती वस्तू घातल्या हे मोजेल. एक वस्तू घालण्याची मेथड बदलून मोजणीत एक वाढवायचा. अनेक वस्तू एकदम घालण्याची मेथड बदलून तितके वाढवायचे. मग तीन वस्तू एकदम घातल्या की मोजणी दाखवते सहा. कारण हॅशसेटची ‘अनेक घाला’ ही मेथड आतून ‘एक घाला’ला बोलावते, आणि वारशामुळे तिला आपली बदललेली मेथड सापडते. पालकाने आतल्या आत काम कसे वाटून घेतले आहे यावर वारस अवलंबून राहतो, आणि ते कुठेही लिहून दिलेले नसते. सेट आत ठेवून बाहेरून मोजणी केली तर आकडा बरोबर येतो.

डेलिगेशनचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याची किंमतही सांगितली पाहिजे. जवळ ठेवलेल्या ऑब्जेक्टला आपण कुणाच्या पोटात आहोत हे माहीत नसते. त्याने स्वतःची एखादी मेथड बोलावली तर बाहेरच्याने बदललेली मेथड त्याला सापडत नाही. वरच्या उदाहरणात हाच गुण ठरला. पण जिथे पालकाने सांगाडा द्यावा आणि वारसाने मधले टप्पे भरावेत अशी रचना असते, तिथे हाच दोष ठरतो. शिवाय तीस मेथड पुढे पाठवायच्या तर तीस एकओळी मेथड लिहाव्या लागतात. कॉटलिन भाषेने 2016मध्ये पहिल्याच आवृत्तीत हे एका शब्दावर आणले, गो भाषेने क्लासचा वारसाच काढून टाकून एकात दुसरे बसवण्याची सोय दिली. जावात अजून हाताने लिहावे लागते, किंवा एडिटरकडून लिहून घ्यावे लागते.

अनेक पालक म्हणजे पापच, असेही नाही. पायथनमध्ये वेबसाइट लिहिणारे जँगो वापरतात; त्यात ‘लॉगिन झाल्याशिवाय हे पान दाखवू नका’ एवढेच काम करणारा छोटा क्लास दुसरा पालक म्हणून लावतात, आणि ते सुरळीत चालते. पीएचपीत 2012च्या 5.4 आवृत्तीपासून ट्रेट आहेत. लॅरावेलमध्ये रेकॉर्ड पुसण्याऐवजी पुसल्याची खूण करण्याचे काम असाच एक ट्रेट करतो. या छोट्या तुकड्यांना स्वतःची ओळख नसते. कुणी त्यांचा सुटा ऑब्जेक्ट करत नाही, कुणी त्यांना ‘व्यक्ती’ म्हणत नाही. दुसऱ्या पालकाचे काम एवढ्यापुरते असते तोवर त्रास होत नाही. आणि एकाच वारशाचीही योग्य जागा आहेच. जावाच्या चुकांचे कूळ पाहा: फाइल न सापडणे हा वाचन-लेखनातल्या चुकीचा प्रकार, ती चूक एकूण चुकांचा प्रकार. फाइल न सापडल्याची चूक उद्या दुसरी कोणती चूक होणार नाही.

आपल्या अडत्याचे तसे नाही, आणि या विषयावर शिकवताना हेच सर्वांत कमी सांगितले जाते. परवान्याची मुदत संपते. परवाना रद्द होतो, मुलाच्या नावावर होतो, दोन वर्षांनी पुन्हा काढला जातो. जमीन विकली जाते, विकत घेतली जाते. ऑब्जेक्टचा क्लास मात्र तो तयार होताना ठरतो आणि जावात किंवा सी प्लस प्लसमध्ये तो शेवटपर्यंत बदलत नाही. म्हणजे जावाने उद्या दहा पालकांची मुभा दिली तरी या माणसाचा प्रश्न सुटणार नव्हता. ‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ हे माणसांचे प्रकार नाहीत, माणसाने घेतलेल्या आणि सोडलेल्या भूमिका आहेत. कंपायलरने विद्यार्थ्याला अडवले ते चुकीच्या कारणासाठी असेल, पण योग्य ठिकाणी अडवले.

भूमिका म्हटल्या की रचना सोपी होते. ‘व्यक्ती’ एकच, तिचे नाव-पत्ता एकदाच. तिच्याजवळ भूमिकांची यादी, आणि प्रत्येक भूमिकेला कधीपासून कधीपर्यंत या तारखा. व्यापाऱ्याच्या भूमिकेत परवाना क्रमांक आणि बाजार फीचा हिशोब, उत्पादकाच्या भूमिकेत गट क्रमांक आणि आवक. हिशोबपट्टी काढणाऱ्या कोडला ‘विकू शकणारा’ हा इंटरफेस पुरतो; समोर कोण आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आणि 1963च्या कायद्यातली ती व्याख्या? ती क्लास म्हणून लिहायचीच नसते. ती एक मेथड आहे: अमुक तारखेला, मतदार यादीच्या कामासाठी, ही व्यक्ती शेतकरी धरायची का? उत्पादकाची भूमिका चालू आहे आणि व्यापाऱ्याची चालू नाही, तर होय. मका उतरवून घेताना हा प्रश्न विचारायचाच नसतो. विधिमंडळाने उद्या व्याख्या बदलली तर बदलतील त्या मेथडमधल्या दोन ओळी.

बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1983चे, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990चे, जळगावचे शासकीय महाविद्यालय 1996चे, शिरपूरचे 2001चे. पुढे विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले आणि इथली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरेच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे गेली. एवढ्या काळात भाषा सी प्लस प्लसवरून जावावर आणि आता पायथनवर सरकली. ओरलचा प्रश्न तसाच राहिला. तो बदलायला अभ्यास मंडळाची बैठक लागत नाही. परीक्षकाने विद्यार्थ्याचा चालू प्रोग्रॅम समोर घ्यावा आणि एकच बदल सांगावा: यादीतल्या एका मापाड्याने हमालीचेही काम सुरू केले आहे, आणि पुढच्या महिन्यापासून तो मापाडी राहणार नाही. जुन्या नोंदी मात्र त्याच्या नावावर तशाच दिसल्या पाहिजेत. बॅच मोठी असेल आणि कोड बदलून घ्यायला वेळ नसेल तर नुसते विचारावे की यासाठी आधी लिहिलेले कोणते क्लास उघडावे लागतील, आणि का. मार्क त्या ‘का’च्या उत्तराला द्यावेत.